फासे खेळाडूंचे, गोष्ट कोणाची?

अंधेरीच्या कॅफेत किंवा मुलुंडच्या एखाद्या हॉलमध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचा डाव रंगला, की एक तक्रार हमखास ऐकू येते: काहीही करा, गोष्ट डीएमला, म्हणजे डाव चालवणाऱ्या ‘डंजन मास्टर’ला, हवी तिकडेच जाते. दार फोडायला जावं तर ते मंतरलेलं, राजाशी तह करायला जावं तर राजा ऐकतच नाही. खेळाडू याला ‘रेलरोडिंग’ म्हणतात.

डीएमचे पाठीराखे दोन मुद्दे मांडतात. नकाशे, राक्षस, गावं रचायला त्याने रात्री जागवल्या, म्हणून गोष्ट त्याची. शिवाय एकाचा शब्द अंतिम नसेल तर बोरिवली-घाटकोपरहून आलेली मंडळी नियमांवरच भांडत बसतील.

दुसरा मुद्दा पोकळ नाही. प्रशियन सैन्याचा ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ नियमांच्या ओझ्याखाली रेंगाळू लागला, तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने पंचाच्या विवेकावर भिस्त ठेवली. मात्र तो पंच हुकमांचे परिणाम ठरवी; हुकूम सोडत ते खेळणारे अधिकारीच.

मेहनतीच्या मुद्द्याला तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा जन्मच खोडून काढतो. १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेसली यांनी ‘ब्राउनश्टाइन’ या काल्पनिक जर्मन गावाभोवती लढाईचा डाव आखला. खेळाडू लढाई सोडून आपापले डावपेच लढवू लागले. वेसलींना वाटलं, सगळं फसलं. खेळाडू मात्र पुन्हा खेळायचा आग्रह धरून बसले. त्यांच्यातलेच डेव्ह आर्नेसन पुढे गॅरी गायगॅक्ससह १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे जनक ठरले.

शेवट आधीच ठरलेला असेल तर कादंबरी लिहावी. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच १९८४ पासूनच्या ‘ड्रॅगनलान्स’ साहसांत महत्त्वाची पात्रं सहजी मरू नयेत अशी छापील तजवीज होती. त्याच कथेच्या कादंबऱ्या मात्र तुफान खपल्या.

मग डीएमने करायचं काय? व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या ‘ॲपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळात कथानक आधी न आखण्याचा नियमच आहे: प्रसंग मांडा, पुढे काय होतं ते खेळातून कळू द्या. तिथे फासेही फक्त खेळाडू टाकतात. कोकणातल्या दशावतारात तर कथानक ठरलेलं असूनही लिखित संहिता नसते. नट संवाद रंगमंचावरच रचतो.

काही गटांना आखीव कथाच आवडते, आणि त्यात गैर काही नाही. पण हे पहिल्या बैठकीत, ‘सेशन झीरो’तच, सगळ्यांना विचारून ठरावं. तिथे डीएमने दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात: फासे पडद्याआड पडणार की सर्वांसमोर, आणि खेळाडूंनी त्याची योजना उधळली तर तो ती सोडून द्यायला तयार आहे का.