वसंतासाठी पाणी तोडा

चैत्रात फुलणारी बाग हवी असेल, तर तिची ऑर्डर जूनमध्ये घ्यावी लागते. आपल्या धंद्यात ती घेतली जाते जानेवारी-फेब्रुवारीत. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते, ते पाहून आलेले गिऱ्हाईक नर्सरीत शिरते आणि पेटुनिया, फ्लॉक्स, डायँथसच्या फुललेल्या कुंड्या घेऊन जाते. मार्चअखेरच्या उन्हात त्या करपतात. मग बाहेर पळस-पांगारा रंगात आलेला असताना सोसायटीच्या बागेत लॉन आणि क्रोटन एवढेच उरते. हंगामी फुलांशी आमचे वैर नाही. कित्येक नर्सऱ्यांचा हिवाळ्यातला रोख पैसा त्यांच्याच जिवावर येतो. पण वर्षानुवर्षे टिकणारी, दर वसंतात आपली आपण फुलणारी झाडे आपण गिऱ्हाइकाला दाखवतच नाही. दाखवायला अवघड असतात, हे त्याचे खरे कारण. जूनमध्ये पेट्रियाचा वेल म्हणजे खरखरीत पानांची काठी. भुईचाफा तर निम्मे वर्ष मातीखालीच असतो.

तरीही निवड करायची ती अशा झाडांमधूनच. पेट्रिया फेब्रुवारी ते एप्रिल निळ्या-जांभळ्या घोसांनी भरते. आतले फूल गळले तरी बाहेरची फिकी पुष्पकोशाची चांदणी टिकते, म्हणून बहर दिसायला लांबतो. माधवीलता सुगंधी आणि आपल्याच मातीतली, पण तिचे खोड लाकडासारखे जाड होते. तिला लोखंडी मांडव द्या, खिडकीच्या जाळीवर सोडू नका. सह्याद्रीच्या रानात मार्च ते मे फुलणारी कुसर नर्सऱ्यांत अजून फारशी दिसत नाही. ती बियांपासून किंवा दाब कलमाने वाढवावी. रानातून मुळासकट उपटून आणलेली कुसर कुणी विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नये. मुरमाड उतारावर धायटी लावा, लाल फुलांवर शिंजीर हमखास येतात. मोगऱ्याची शिफारस करायला आमची गरज नाही. जव्हार-विक्रमगडच्या शेतकऱ्यांनी त्याच्यावर संसार उभे केले आहेत.

वेली आणि झुडपे पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की लावावीत. कंदांचे वेळापत्रक निराळे. मे फ्लॉवर, म्हणजे आपली फुटबॉल लिली, आणि भुईचाफा यांचे कंद पाने वाळल्यावर, सुप्तावस्थेतच हलवायचे असतात. चाफ्याची फांदीही पानगळ झाल्यावर, पावसाळ्याच्या बऱ्याच आधी कापावी, चीक सुकेपर्यंत सावलीत ठेवावी आणि मगच लावावी. काळ्या जमिनीत कंद लावायचे तर नऊ इंच ते फूटभर उंच वाफा करून त्यात मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळणे भाग आहे. नाहीतर श्रावणातच कंद सडतात. अमरिलिसची मान मातीच्या वर ठेवा. तिचे फूल सरले की हिरवी पाने कापून वाफा ‘साफ’ करणारा माळी पुढच्या वर्षीचे फूल कापत असतो, कारण फुलाचा दांडा या वर्षीच्या पानांच्या कमाईवरच कंदाच्या आत तयार होतो.

इथवरचे बहुतेकांना ठाऊक आहे. दुखणे पुढे आहे, आणि ते पाण्याचे आहे.

नागपूरचा संत्रा बागायतदार आंबिया बहरासाठी हिवाळ्यात पाणी तोडतो. बाग ताणावर सोडली की झाडाची पालवी थांबते, अन्नसाठा फांदीत राहतो, कळ्या धरतात. मग पाणी दिले की बहर फुटतो. भारी जमिनीत ताण जास्त दिवस, हलक्या जमिनीत कमी, हा हिशोब त्याला तोंडपाठ असतो. शोभेच्या बागा करणारे आपण मात्र लॉन, मोगरा, बोगनवेल आणि कंद या सगळ्यांना एकाच टायमरच्या ठिबकवर बारा महिने सारखे पाणी देतो. बोगनवेल नुसती पानांनी माजते. अमरिलिसला विश्रांती मिळत नाही. मोगरा हिरवागार दिसतो आणि फुलत नाही, आणि मग ‘तुम्ही जात चुकीची दिली’ म्हणून गिऱ्हाईक नर्सरीवाल्याला फोन करते. जात बरोबरच होती.

मोगऱ्याचे पाणी नोव्हेंबरअखेर तोडावे, डिसेंबरच्या सुमारास जमिनीपासून दीड-दोन फुटांवर छाटावे, बुंध्याशी खणून शेणखत घालावे आणि मग पाणी सुरू करावे. मोगरा नव्या फुटीवर फुलतो, म्हणून ही छाटणी त्याला मानवते. पेट्रिया आणि माधवीलतेवर तीच कात्री त्याच महिन्यात चालवली तर वसंत गेलाच म्हणून समजा. त्यांची छाटणी बहर ओसरल्यावर, पावसाच्या आधी. चाफ्याचे गुच्छ फांदीच्या टोकाला येतात, त्याची टोके उन्हाळ्याच्या तोंडावर कापू नयेत. आपल्याकडे कंत्राटातल्या माळ्याला एका दिवसात सगळी बाग छाटायला सांगतात. त्याचा काय दोष?

एक जपून राहायची गोष्ट: नवी लावलेली वेल किंवा झुडूप पहिल्या हिवाळ्यात ताणावर सोडू नये. मुळे खोल गेलेली नसतात, झाड फुलण्याऐवजी मरते. दुसऱ्या वर्षापासून ताण द्या. कंदांना मात्र पहिल्या वर्षीही कोरडी झोप हवीच.

आणि ट्युलिप. श्रीनगरची बाग समाजमाध्यमांवर पाहिली की दर मार्चमध्ये त्याची विचारणा सुरू होते. ट्युलिपच्या कंदाला कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते. ती शीतगृहात आधीच दिलेला कंद आपल्याकडे फार तर एकदा फुलेल. पुढच्या वर्षी त्याच्याकडून काही मागू नये. ज्याला हौस आहे त्याला जरूर विका, पण बहुवर्षायू म्हणून विकू नका. ती फसवणूक आहे.

तेव्हा बागकाम करणाऱ्या सर्व व्यावसायिकांना आमची विनंती आहे. या पावसाळ्यात नव्या बागेचे कोटेशन देताना ठिबकच्या किमान तीन वेगळ्या ओळी आणि प्रत्येकीला स्वतंत्र व्हॉल्व्ह धरा: लॉनला एक, ताणावर फुलणाऱ्या झाडांना एक, कंदांना एक. खर्च थोडा वाढेल, तो गिऱ्हाइकाला समजावून सांगा. देखभालीच्या करारात पाणी तोडण्याची आणि छाटणीची तारीख झाडाच्या नावासमोर लिहा आणि त्या कागदाची एक प्रत माळ्याच्या हातात द्या.