नवा साप आणताय? आधी तीन महिने लांब ठेवा!

डिसेंबर २०२३. बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत बिस्किटं आणि केकची पाकिटं. उघडली तर आत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक! जून २०२५ मध्ये याच एअरपोर्टवर थायलंडहून आलेल्या प्रवाशाकडे चाळीसहून जास्त विषारी साप सापडले. आपण ‘बापरे’ म्हणतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण न पकडलेलं पाकीट जातं कुठे? ते अंधेरी-बोरिवलीच्या अशा फ्लॅटमध्येही जाऊ शकतं, जिथे आधीच दोन-तीन साप आहेत.

कायदा काय सांगतो? भारतीय साप, अगदी धामणसुद्धा, घरात पाळता येत नाही. बॉल पायथन मात्र ‘साइटिस’ करारातल्या यादीतला परदेशी साप. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीने साप कोणाचा हे कळतं, पण तो निरोगी आहे का, हे कळत नाही. आणि चोरून आणलेल्याची तर तपासणीच होत नाही.

खरा धोका इथे आहे. बोआ सापांमध्ये ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ लक्षणं न दिसता बराच काळ राहू शकतो, त्यावर इलाज नाही. पायथनमध्ये निडोव्हायरस श्वसनाचा आजार देतो. माइट्स एका पेटीतून दुसऱ्या पेटीत सहज जातात. म्हणून नवा साप किमान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवायचा. त्याचं पाण्याचं भांडं, चिमटा सगळं वेगळं. पेटीत खाली साधा टिश्यू पेपर, म्हणजे विष्ठा आणि माइट्स लगेच दिसतात. आधी जुन्या सापांचं सगळं आटपायचं, नव्याला शेवटी हात लावायचा आणि मग हात स्वच्छ धुवायचे. विष्ठेची तपासणी सापांवर उपचार करणाऱ्या व्हेटकडूनच. क्वारंटाइन संपलं तरी दोघांना एका पेटीत ठेवायचं नाही. सापांना सोबत लागत नाही.

आता म्हणाल, वन बीएचकेमध्ये वेगळी खोली कुठून आणायची? मग दुसरा साप नकोच. आणि झेपत नाही म्हणून आरे किंवा नॅशनल पार्कात सोडणं तर अजिबात नाही. फ्लोरिडात सुटलेल्या बर्मीज पायथनसोबत आशियातला फुफ्फुसाचा परजीवी तिथे पोहोचला आणि आज तो स्थानिक सापांमध्ये पसरलाय. आपल्या जंगलातले साप कुणाच्या हौसेचं बिल का भरतील?