‘अप्रोप्रिएट’: कोणाला आणि कशाला?

मराठी समीक्षेत ‘औचित्य’ ही संज्ञा आज दोन धन्यांची चाकरी करते आहे. पहिला धनी अकराव्या शतकातील क्षेमेंद्र. दुसरा, इंग्रजीतील ‘अप्रोप्रिएट’ हा शब्द. ‘औचित्यविचारचर्चे’त औचित्य हे संबंधवाचक आहे. पद, अलंकार, रस, देश, काल यांपैकी कोणते कशाला साजते, हे तेथे एकेक करून तपासले जाते. ‘अप्रोप्रिएट’च्या मुळाशी मात्र लॅटिन ‘प्रोप्रियस’, म्हणजे स्वतःचे, हा शब्द आहे. ‘प्रॉपर्टी’ त्याचीच भावंड, आणि क्रियापद म्हणून हाच शब्द ‘बळकावणे’ या अर्थी चालतो. इंग्रजीतही त्याला ‘कशाला’ची अपेक्षा असते, पण कचेरीतल्या ‘योग्य त्या कार्यवाही’प्रमाणे ती अपेक्षा हळूच गाळली जाते, आणि मग निकाल तेवढा उरतो, निकष दिसत नाही.

हा केवळ कोशातला घोळ नव्हे. मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेले. परीक्षेला वयाची अट होती. कर्वे लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिले नाही. ‘पात्र असणे’ याची जागा ‘पात्र दिसणे’ याने घेतली. १८९३ साली त्यांनी शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी विवाह केला. १८५६ च्या कायद्याने तो वैध होता. मुरुडने तो अनुचित ठरवून बहिष्कार घातला. येथे ‘कोणाला अनुचित?’ हे पद रिकामे होते आणि गावाने ते स्वतःच्या नावाने भरले.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’च्या (१९७२) भाषेवर अनौचित्याचा शिक्का मारणाऱ्यांनी वेगळे काय केले? क्षेमेंद्राचे देशौचित्य प्रामाणिकपणे लावले असते, तर गोलपिठ्याच्या वस्तीला दिवाणखान्यातील भाषाच विशोभित ठरली असती. त्यांनी नाव औचित्याचे घेतले आणि माप आपल्या घरातले लावले. (क्षेमेंद्राच्या यादीत ‘कुल’ही आहे, हे त्याच्या अभिमान्यांनीही विसरू नये.)

यावर ‘रसिकांची संमती हाच निकष’ असे उत्तर ठरलेले असते. ते रसिक कोणते, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो. मुरुडच्या बहिष्कारामागेही संमतीच होती.