ग्राहकाची चूक, विक्रेत्याला भुर्दंड

रायपूरच्या पंडरी कपडा बाजारात साडी घेणारे गिऱ्हाईक आधी तिचा पोत बोटांनी चाचपते, दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात रंग पाहते, आणि तरीही मनासारखी निघाली नाही तर दुसऱ्या दिवशी येऊन बदलून मागते. चूक होते, पण ती समोरासमोरच्या चार शब्दांत निस्तरते. त्याच साडीची विक्री ऑनलाइन बाजारात सुरू झाली की गिऱ्हाईक आणि विक्रेता यांच्यामध्ये एक बलाढ्य कंपनी उभी राहते. मग चुकीचे निवारण दोघांच्याही हाती उरत नाही. तिची किंमत मात्र त्यांच्याकडूनच वसूल होते.

चांपा येथील कोसा रेशमाचेच उदाहरण घ्यावे. हातमागावरच्या कोशाचा धागा कुठे जाड, कुठे बारीक असतो. तीच त्याच्या अस्सलपणाची खूण. गिरणीच्या गुळगुळीत कापडाला सरावलेल्या ग्राहकाला तो दोष वाटतो आणि साडी 'सदोष' म्हणून परत येते. बस्तरची ढोकरा मूर्ती छायाचित्रात हातभर दिसते, पेटीतून वीतभर निघते. माप दिलेले असते, पण सेंटिमीटरमध्ये आणि पानाच्या तळाशी. पैसे भरताना यंत्रणा अडकते, म्हणून कोणी तीच मागणी पुन्हा नोंदवतो आणि घरी दोन पुडकी येतात. कोणी कंपनीलाच दुकानदार समजतो. दाद मागायला माणूस सापडत नाही म्हणून कोणी इंटरनेटवर मदतीचा क्रमांक शोधतो आणि थेट भामट्यांच्या तावडीत सापडतो. अशा फसवणुकीच्या तक्रारीसाठी सरकारला १९३० हा स्वतंत्र क्रमांक चालवावा लागतो.

या चुकांना ग्राहकाचे अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. बराचसा गोंधळ घडवून आणलेला असतो. 'शेवटचे दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई, न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणे या क्लृप्त्या इतक्या बोकाळल्या की ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारला अशा तेरा फसव्या पद्धतींची यादी करून त्यांना मनाई करावी लागली. ज्या पडद्यावर विचार करायला उसंतच मिळू दिली जात नाही, त्या पडद्यावरील चुकीचा दोष एकट्या ग्राहकाच्या माथी कसा मारता येईल?

खरा अंतर्विरोध पुढेच आहे. परकीय गुंतवणुकीच्या धोरणानुसार, अन्नपदार्थांसारखे अपवाद सोडल्यास, या कंपन्यांना स्वतःच्या मालकीचा माल देशातील ग्राहकाला विकता येत नाही. त्यांनी केवळ बाजारपेठ चालवायची. २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना घेतला तो याच चौकटीत. जबाबदारीचा प्रश्न आला की कंपनी म्हणते, आपण निव्वळ मध्यस्थ, माल विक्रेत्याचा. पण परतीच्या अटी ठरवणे, पैसे अडवून धरणे, तक्रारीचा निवाडा करणे आणि विक्रेत्याचे खाते बंद करणे हे मालकाचे सारे अधिकार मात्र तिच्याच हाती असतात. मालकी नाकारायची आणि मालकी गाजवायची, असा हा प्रकार आहे.

२०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी सदोष अथवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेणे विक्रेत्यावर बंधनकारक केले, आणि ते योग्यच आहे. ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे, असेही त्यात आहे. पण ग्राहकाचे मन बदलले वा मागणी चुकली म्हणून माल परत घेण्याची सक्ती त्या नियमांत नाही. ते औदार्य कंपन्या आपल्या जाहिरातीसाठी दाखवतात आणि वाहतुकीचा खर्च बहुधा विक्रेत्याच्या हिशेबातून कापून घेतात. हे कापणे चुकीचे आहे असे विक्रेत्याला वाटले, तर त्याच्या तक्रारीसाठी या नियमांत ना ४८ तास आहेत, ना महिना. दारात संतापलेल्या ग्राहकाचे बोल ऐकून घेणारा, फुकट खेप मारणारा डिलिव्हरी कामगार तर कोणाच्याच हिशेबात नसतो.

अशा वेळी छोटे विक्रेते ग्राहकालाच लबाड ठरवू लागतात. वापरलेले कपडे परत पाठवणारे, पेटीत भलतीच वस्तू भरणारे ग्राहक असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण लबाडी आणि गोंधळ यांत फरक न करणारा विक्रेता आपल्याच मित्राला शत्रू समजतो. तसेच, यंत्रमागाचे कापड हातमागाच्या छायाचित्राखाली खपवणारा विक्रेता केवळ ग्राहकालाच नव्हे, तर चांपाच्या विणकरालाही बुडवतो. छोट्या विक्रेत्यांनी स्वतःचे घर आधी स्वच्छ केले पाहिजे. वस्तूचे माप, रंग, धाग्याचे वैशिष्ट्य साध्या हिंदीत, मराठीत, छत्तीसगढीत सांगणे आणि गोंधळलेल्या ग्राहकाशी धीराने बोलणे हे त्यांना आजही करता येण्यासारखे आहे.

मात्र सौजन्याने सत्तेचा तोल बदलत नाही. पडद्याच्या रचनेतून उद्भवलेल्या चुकीचा खर्च कंपनीने सोसावा; दुबार मागणी माल निघण्यापूर्वी विनाशुल्क रद्द व्हावी; विक्रेत्याचे पैसे कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून लेखी कारण द्यावे; प्रत्येक ग्राहकाला त्याच्या भाषेत बोलणारा माणूस उपलब्ध असावा; आणि फुकट गेलेल्या खेपेचाही मोबदला कामगाराला मिळावा. या मागण्यांवर ग्राहक, विक्रेता आणि कामगार एकत्र येऊ शकतात. ते परस्परांशी भांडत राहतील तोवर कापलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब कंपनीच्याच वहीत राहील.