हाक कोणत्या नावाने मारली?

"मी पालीचा" म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "बल्लाळेश्वराच्या?" नाही हो, ती रायगडची. आमची बीडची, बिंदुसरा धरणाजवळची. नाव एक, गावं दोन. हे आठवायचं कारण म्हणजे परवा गावी बसून माझं एक जुनं प्लगइन दुरुस्त करत होतो.

प्लगइन जेक्वेरीचं. पानावरच्या तक्त्यातल्या ओळी निवडायच्या आणि नंतर नव्या ओळी आल्या की त्याच सिलेक्टरने पुन्हा शोधायच्या. त्यासाठी मूळ सिलेक्टरची स्ट्रिंग हवी. २००९ च्या १.३ आवृत्तीपासून ती 'धिस डॉट सिलेक्टर' लिहिलं की मिळायची. २०११ च्या १.७ मध्ये 'हे वापरू नका' असं सांगितलं गेलं आणि २०१६ च्या ३.० मध्ये ती सोय काढूनच टाकली. जेक्वेरी नवी केली, एरर एकही आली नाही, पण नव्या ओळी मुक्या! गिऱ्हाईकाच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

तेव्हा मीही चिडलो होतो. आता मात्र वाटतं, काढली ते बरंच झालं. ती स्ट्रिंग मुळात भरवशाची नव्हतीच. थेट एलिमेंट दिला तर ती रिकामी. आधी 'फाइंड' आणि मग 'नॉट' लावलं तर असं काही कडबोळं तयार व्हायचं, की ते परत जेक्वेरीला दिलं तर तिलाच कळू नये. आणि स्ट्रिंग नीट असली तरी मधल्या काळात पान बदललेलं. त्याच हाकेला आता दुसराच कुणी 'ओ' देणार.

माणूस सापडल्यावर त्याला "तुला कोणत्या खुणेवरून शोधलं?" असं विचारण्यात काय अर्थ आहे? ते शोधणाऱ्यालाच ठाऊक. प्लगइनला स्ट्रिंग हवीच असेल तर ती वापरणाऱ्याकडून सरळ ऑप्शन म्हणून मागून घ्यावी. १.७ मध्येच आलेलं 'ऑन' हेच करतं: कोणत्या ओळींसाठी, ते तुम्हीच लिहून द्यायचं. एक शब्द जास्त टाइप करावा लागतो, इतकंच.

मी ती एक ओळ बदलली आणि प्लगइन चालू झालं. आपसूक मिळतंय म्हणून विसंबायचं, की तोंड उघडून मागायचं? मी आता मागणाऱ्यांच्या बाजूला.

असो. आता पत्ता सांगतानाही आधीच "बीडची पाली" म्हणतो.