पाटी ‘इंडियन’, चूल सिल्हेटची

सप्टेंबर आला की तुमच्यापैकी कुणी ना कुणी मास्टर्ससाठी लंडनला निघतंच. बॅगेत मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि आईने कपड्यांच्या घड्यांमध्ये कोंबलेले लाडू. हा साठा महिनाभर पुरतो. मग एका शनिवारी वर्गातली नवी मंडळी म्हणतात, ‘आज इंडियन खाऊया, ऑर्डर तू कर.’ ब्रिक लेनवर दारात उभा असलेला माणूस ‘वीस टक्के सूट, एक ड्रिंक फ्री’ म्हणत तुम्हाला आत घेतो. तुम्ही मेनू उघडता. कोर्मा, मद्रास, विंदालू, धनसाक, बाल्टी, फाल. आणि तुमच्या तोंडून ते वाक्य निघतंच, ‘छे, हे कुठे इंडियन आहे?’ नंतर त्याची रील होते. लाइक्स पडतात.

तुमच्याकडे बोट दाखवायचा मला फारसा हक्क नाही. रील नाही केली, पण भर टेबलावर भाषण मीही ठोकलंय. विंदालूत बटाटा दिसला आणि माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. विंदालू मूळ गोव्याचं, पोर्तुगीजांच्या व्हिनेगर आणि लसणात मुरवलेल्या मांसापासून आलेलं, त्यातल्या ‘आलू’चा बटाट्याशी संबंध नाही, वगैरे वगैरे. मग धनसाकची पाळी. त्यात अननस! पारशी घरात धनसाक सणाला करत नाहीत, कुणी गेल्यानंतर चौथ्या दिवशी करतात, एरवी रविवारी खाऊन ताणून देतात, आणि इथे हे लोक वाढदिवसाला मागवतात! माझं एकही वाक्य चूक नव्हतं. तरी आता आठवलं की कानकोंडं होतं.

कारण हात धुवायला मागे गेलो तेव्हा भटारखान्याचं दार उघडं होतं. आत चार-पाच जण उभ्या उभ्या जेवत होते. भात आणि माशाचं पातळ कालवण. मेनूत यातलं काहीच नव्हतं. वाढणाऱ्या काकांना मी हिंदीत विचारलं, ‘इंडिया में कहाँ से?’ ते म्हणाले, ‘सिल्हेट.’ थोडं थांबून, बहुधा माझा चेहरा बघून, ‘बांगलादेश.’

लंडनमधल्या जुन्या ‘इंडियन’ रेस्टॉरंटांपैकी बहुतेक या सिल्हेटी लोकांनी उभी केली. ब्रिटिशांच्या बोटींवर कोळशाच्या भट्टीपाशी राबणारे खलाशी प्रामुख्याने याच भागातले. (डेकवर आपले रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि जेवणघरात गोव्याचे लोक असत, ही वेगळीच गोष्ट आहे, कुणीतरी लिहायला हवी.) भट्टीचा जाच सोसेना म्हणून काही जण लंडनच्या गोदीत उतरले ते परत बोटीवर चढलेच नाहीत. हॉटेलांत भांडी घासली, बटाटे सोलले. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बने पडझड झालेल्या भागांतली कॅफे स्वस्तात घेतली. फिश अँड चिप्स ठेवलेच, शेजारी रस्सा ठेवला, आणि पब बंद झाल्यावरही दुकान उघडं ठेवलं. मद्रास, विंदालू, फाल ही चढत्या तिखटाची शिडी इथलीच. ती चेन्नई किंवा मडगावात शोधू नका.

त्यांनी पाटीवर ‘इंडियन’ का लिहिलं? सोपं आहे. त्यांच्यातले पहिले लोक निघाले तेव्हा सिल्हेट हिंदुस्थानातच होतं, आसामात. १९४७ साली सार्वमत होऊन ते पूर्व पाकिस्तानात गेलं, १९७१ साली बांगलादेशात. मूळ देश दोनदा बदलला, पाटी तीच राहिली. म्हणजे ज्या शब्दावर आपण मालकी सांगतो, तो या माणसांनी खोटेपणाने उचललेला नाही. ते निघाले तेव्हा तो त्यांचाही होता.

तसा लंडनमध्ये अशा जेवणाचा पहिला प्रयोग याहून जुना आहे. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये तिथे ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढलं. दोन वर्षांत त्यांचं दिवाळं निघालं. ही त्या धंद्याची सुरुवात!

आता जरा घरी येऊ. आपल्या कॉलेजजवळचं ‘प्युअर व्हेज’ आठवा. मालक उडुपीकडचे शेट्टी, तंदूरवर गढवाली, चायनीजच्या कढईवर नेपाळी, वाढायला ओडिशाची पोरं. मेनूवर ‘पंजाबी’. आत तीन पातेली, लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही. कुठल्या पातेल्यातून किती डाव घ्यायचा यावर तुमची भाजी बटर मसाला होणार की शाही कोर्मा, हे ठरतं. लंडनच्या करी हाउसमध्ये हेच एका पातेल्यात चालतं. कांदा भरपूर शिजवून, वाटून सकाळीच ग्रेव्ही करून ठेवायची आणि ऑर्डर आली की त्यातली थोडी पॅनमध्ये घेऊन मसाला बदलायचा. आणि आपली ‘व्हेज कोल्हापुरी’? ती कोल्हापुरात कुणाच्या घरी शिजते ते मला एकदा दाखवाच. मांचुरियन तर मुंबईतलं. पंजाबी माणूस आपल्या पनीर टिक्का मसाल्यावर आणि चिनी माणूस आपल्या शेजवान डोशावर रील करत असेल, तर ती बघायला मला आवडेल. शेजवान डोसा मी सोडणार नाही, हे आधीच सांगतो.

यावर तुम्ही म्हणाल, मग काय, गोडमिट्ट कोर्म्यालाही छान म्हणायचं? अजिबात नाही. साखर जास्त असेल तर जास्त आहे म्हणा. लाल रंगात बुडवलेलं चिकन मलाही आवडत नाही. पण ‘बेचव आहे’ आणि ‘नकली आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याचा संबंध ताटाशी आहे. दुसरं वाक्य माणसावर जातं.

गंमत बघा, हीच मंडळी ‘दिशूम’च्या बाहेर तासभर रांगेत उभी राहतात आणि ‘फायनली, ऑथेंटिक!’ असं लिहितात. मुंबईतल्या इराणी हॉटेलांच्या आठवणीवर २०१० साली लंडनमध्ये सुरू झालेली ही साखळी आहे. मला तिथली ब्लॅक डाळ आवडते, वाद नाही. पण इराणी हॉटेलच्या सजावटीसाठी पौंड मोजणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी मुंबईत एखादं खरं इराणी बंद होण्याआधी तिथे ब्रून मस्का खाल्ला?

आणि बंद होण्याचीच गोष्ट आहे. रनीमीड ट्रस्टच्या अभ्यासानुसार ब्रिक लेनवर २००० च्या दशकाच्या मध्याला साठेक करी रेस्टॉरंट होती. २०२० च्या सुरुवातीला २३ उरली. स्ट्रँडवरचा ‘इंडिया क्लब’, जिथे कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगची मंडळी बसायची, तो सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला. भाडी वाढली, गिऱ्हाइकं बदलली आणि आचारी मिळेनात. रॉबिन कुक हे परराष्ट्रमंत्री २००१ साली म्हणाले होते की चिकन टिक्का मसाला हीच ब्रिटनची खरी राष्ट्रीय डिश. २०१६ च्या ब्रेक्झिट प्रचारात प्रीती पटेल करी हाउसवाल्यांना सांगत होत्या की युरोपातून बाहेर पडलो की तुमच्या आचाऱ्यांची सोय होईल. मतं पडली. एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगाराच्या व्हिसासाठी लागणारा किमान पगार २६,२०० पौंडांवरून थेट ३८,७०० झाला. छोट्या करी हाउसने आचाऱ्याला एवढा पगार कुठून द्यायचा? डिश राष्ट्रीय, ती शिजवणाऱ्याला मात्र व्हिसा नाही.

त्यांची पुढची पिढी भटारखान्यात यायला तयार नाही, आणि मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. बापाने शनिवार-रविवारच्या रात्री दारुड्यांच्या शिव्या खात ताटं उचलली ती पोरं शिकावीत म्हणूनच. ते दिवस शिव्यांवरच थांबणारे नव्हते. ब्रिक लेनजवळ आल्ताब अली पार्क आहे. कपड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या या बंगाली तरुणाला ४ मे १९७८ च्या संध्याकाळी, घरी जाताना, वर्णद्वेषी पोरांनी तिथे भोसकून मारलं. त्याची शवपेटी घेऊन हजारो लोक चालत डाउनिंग स्ट्रीटपर्यंत गेले होते. तुम्ही रील करता तो रस्ता त्यांनी असा मिळवलाय.

तिथेच पुढे मशीद आहे. १७४३ मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंटांचं चर्च म्हणून ती इमारत बांधली, नंतर ज्यूंचं सिनेगॉग झाली, १९७६ पासून मशीद. तिच्यासमोर उभं राहून ‘इथलं ओरिजिनल काय?’ असं विचारून बघा.

तर यंदा जाल तेव्हा ऑर्डर जरूर तुम्ही करा. विंदालूचं भाषण पाठ असेल तर तेही करा, दोन मिनिटांत आटपा. फक्त वाढणाऱ्या काकांना ‘इंडियात कुठले?’ असं विचारू नका, ‘तुम्ही कुठले?’ एवढंच विचारा. सिल्हेट म्हणाले तर शातकोरा आहे का बघा. जाड सालीचं, कडसर लिंबू असतं, सालीसकट फोडी करून मटणाच्या रश्श्यात घालतात. मेनूवर नसेल तर आज आत तुमच्यासाठी काय शिजलंय, ते विचारा. कधी कधी देतात.