हिवाळ्याचा प्रवास

मागच्या डिसेंबरमध्ये आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांना घेऊन जायकवाडीला गेलो होतो. नाथसागराच्या काठावर राखाडी हंसांचा एक थवा बसला होता. पांढरे डोके आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. हा पट्टकादंब. उन्हाळ्यात तो लडाख, तिबेट, मंगोलियातल्या तळ्यांवर पिल्ले वाढवतो आणि ती तळी गोठू लागली की हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. सात हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवरून उडताना त्याची नोंद झालेली आहे. मी एवढे सांगितले आणि एरवी एक क्षण गप्प न बसणारी मुले कुजबुजत बोलू लागली. पाहुणे उडून जाऊ नयेत म्हणून दोघांनी चपला काढून हातात घेतल्या. मला फार बरे वाटले.

दुसऱ्याच दिवशी शाळेच्या फाटकाजवळ काश्मिरी शालवाले चाचा भेटले. दरवर्षी दिवाळीनंतर ते आमच्या गावात येतात आणि फेब्रुवारी संपता संपता परत जातात. या वेळी त्यांचा चेहरा उतरलेला होता. जुन्या घरमालकाने खोली द्यायला नकार दिला होता. कारण विचारले तर म्हणाला, "आजकल माहौल ठीक नहीं." हा घरमालक आपल्याच मोहल्ल्यातला, पाच वेळचा नमाजी. चाचांनी मला विचारले, "मास्टरजी, आपकी पहचान में कोई कमरा?" मी म्हणालो, बघतो.

खरे सांगायचे तर मी बघितले नाही. माझ्याच घराच्या गच्चीवरची खोली तेव्हा रिकामी होती.

चाचा हौस म्हणून एवढ्या लांब येत नाहीत. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लाई कलान' असतो. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, हे आपल्याला माहीत आहेच. कलान म्हणजे मोठा. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लाई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्लाई बच्चा'. हा खुर्द आपल्या गावांच्या नावांतला, बुद्रुक-खुर्दमधलाच. श्रीनगरचे किमान तापमान या दिवसांत शून्याच्या बरेच खाली जाते, नळातले पाणी गोठते, दल सरोवराच्या काठाला बर्फ धरतो. बर्फ पडून महामार्ग बंद झाला की भाजीपालाही अडकतो. म्हणून तिथल्या बायका उन्हाळ्यातच वांगी, दुधी, टोमॅटो, सलगम चिरून वाळवून ठेवतात. अंगात सैल फेरन आणि फेरनच्या आत कांगडी, म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे. अनेक मशिदींत हमाम असतो. खाली लाकडे पेटवून दगडी फरशी तापवतात आणि नमाजानंतर म्हातारी माणसे तिथेच टेकून बसतात.

पक्षीही काही वेगळे करत नाहीत. कडाक्याच्या थंडीत पक्षी पिसे फुलवून गोल होतो. पिसांमध्ये हवा अडकते आणि ती हवाच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. सैल फेरनचे कामही तेच. बदकांच्या पायांत खाली जाणारे गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच ऊब देते. त्यामुळे पाय थंड राहतात, पण अंगातली ऊब बर्फात वाया जात नाही.

पण पिसे असोत की कांगडी, पोटात काही नसेल तर दोन्ही कुचकामी. पट्टकादंब थंडीपेक्षा उपासमारीला भिऊन निघतो. पाण्यावर आणि जमिनीवर बर्फ साचला की चारा मिळत नाही. चाचांचेही तसेच. हिवाळ्यात तिकडे शेती थांबते, हाताला काम उरत नाही. मग घरच्यांना फेरन-कांगडीच्या भरवशावर सोडून ते गाठोडे उचलतात.

गंमत अशी की चाचा ज्या थंडीतून निघतात, तीच दुसऱ्यांसाठी ऊब असते. सायबेरिया आणि मध्य आशियातली बदके याच दिवसांत श्रीनगरजवळच्या होकरसरला मुक्कामाला येतात. म्हणजे जगात प्रत्येक जागा कुणाची तरी धर्मशाळा आहे.

सूरह कुरैश आपल्याला लहानपणापासून पाठ असते. तिच्यात हिवाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या प्रवासाचा उल्लेख आहे. मक्क्याचे व्यापारी हिवाळ्यात यमनला आणि उन्हाळ्यात शामला जात. त्याच सूरहमध्ये अल्लाहच्या दोन उपकारांची आठवण दिली आहे : भुकेत अन्न आणि भीतीपासून सुरक्षितता. मी ती नमाजात शेकडो वेळा म्हटली असेल. पण हिवाळ्यात दारी आलेल्या प्रवाशाला याच दोन गोष्टी लागतात, हे मला फाटकाजवळ उभा असताना आठवले नाही.

आपण नेहमी तक्रार करतो की मुसलमानाला शहरात घर मिळत नाही. तक्रार खरी आहे. मीही बीएडच्या दिवसांत नाव सांगितल्यावर बंद झालेली दारे पाहिली आहेत. पण तोच आपला माणूस आपल्या मोहल्ल्यात काश्मिरी म्हणून आला, की आपणही दार लोटून घेतो. वर कारण तेच देतो, जे आपल्याला ऐकवले गेले होते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते, ती रीतसर द्यावी. मी नंतर चौकशी केली, एक अर्ज आणि ओळखपत्राची प्रत एवढेच काम होते. माझी अडचण कागदाची नव्हतीच. लोक काय म्हणतील, ही होती.

पक्ष्यांसाठी आपण अभयारण्य केले, फलक लावले, मुलांना हळू बोलायला शिकवले. हे चांगलेच केले. पण त्या मुलांनी उद्या विचारले की सर, शालवाले चाचा कुठे राहतात, तर मी काय सांगणार होतो? ते आठवडाभर मशिदीच्या मुसाफिरखान्यात राहिले आणि मग दुसऱ्या गावी गेले.

त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. गच्चीवरची खोली झाडून ठेवली आहे. यंदा दिवाळीआधी मीच फोन करणार आहे. ते येतील की नाही, माहीत नाही. पण विचारायचे माझ्याकडे राहिले आहे.